पाठीमागचा कॉक

तलासरीच्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. डहाणूहून आम्ही तेथे महिन्यातून दोन वेळा जातो, हिशोब शिकवतो आणि थोडे सामान्य ज्ञान सांगतो. हिशोब आमच्या हातचा आहे, कारण कचेरीत वीस वर्षे तेच केले. सामान्य ज्ञानात मात्र हल्ली मुलेच आमचे गुरू झाली आहेत.

मागच्या महिन्यात वर्ग सुटल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. आय.टी.आय.ला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात आहे. वडील वारले, आई चार घरची धुणीभांडी करते, मावशी डहाणूला फुग्याच्या कारखान्यात जाते. म्हणाला, "जयभीम काका. घरी विमान बनवता येतं का?"

बाकीची पोरे हसली. तो हसला नाही. त्याने दप्तरातून शंभर पानी वही काढली. तीत पेन्सिलीने विमान काढले होते. एकच माणूस बसेल एवढे, पंख खाली, पुढे इंजिन, आणि पेट्रोलची टाकी माणसाच्या पाठीमागे. टाकीच्या बुडाला कॉक, म्हणजे तोही पाठीमागेच. आम्ही विचारले, "बाबा रे, टाकी आणि कॉक मागे का घातलास?"

"पुढं ठेवलं आणि विमान आपटलं, तर पेट्रोल अंगावर सांडेल ना, काका."

उत्तर चुकीचे नव्हते. खरे सांगायचे तर आम्हाला त्यावर बोलताच आले नाही. आम्ही पडलो बी.कॉम., जमा-नावे पलीकडे आमची धाव नाही. पुढच्या खेपेला बोलू म्हणालो आणि वही मागून घेतली. बोईसरला आमचे एक स्नेही राहतात, हवाई दलात इंजिन-फिटर होते. दोन संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो, त्यांनी दिलेले वाचले. त्यातून जे हाती लागले ते आज मांडतो. विमानाचे म्हणून कोणी पान उलटू नये. हा विषय आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

आधी मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. घरी विमान बनवता येते काय? येते. आपल्याच मुंबईत झाले आहे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चे प्रदर्शन भरले, तेव्हा ते गच्चीवरून खाली उतरवून तेथे ठेवले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीचे उड्डाण झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या कंपनीशी करार केला. त्यात पालघर जिल्ह्यात १५७ एकर जागा, १९ आसनी विमाने आणि ३५ हजार कोटी रुपये, असे आकडे वर्तमानपत्रांत आले होते. आमच्या डहाणूच्या गाडीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. चिकूच्या वाड्यांवरून विमाने उडणार म्हणून पोरे नाचत होती. त्यातले एक पोर तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असेल. तेच आता वही घेऊन आमच्यापुढे उभे राहिले, असे आम्हास वाटते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. तेथे २४ वर्षांच्या एका तरुणाने, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्या, स्वतःच्या हाताने एक माणूस बसेल असे हेलिकॉप्टर बनवले. इंजिन मारुती ८०० चे. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि पाते त्या मुलाच्या डोक्याला लागले. मुलगा गेला. त्यात दोष इंधनाचा नव्हता. तरी आम्ही तो येथे सांगतो, कारण त्याची बुद्धी कमी नव्हती, हातही कसबी होता. कमी होता तो दुसरा डोळा. आधी कोणीतरी जाणत्याने शेजारी उभे राहून "थांब, हे मला दाखव" म्हणायला हवे होते. पैसेवाल्याच्या मुलाला असा माणूस विकत मिळतो. आमच्या मुलांना तो शोधावा लागतो, आणि पुष्कळदा शोधायचे असते हेच त्यांना कोणी सांगत नाही.

(वर्गातला दुसरा एक हुशार म्हणाला, की १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनी पाऱ्यावर विमान उडवले होते, तर मग पेट्रोल कशाला? ही कथा फार ऐकू येते. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा तिला आधार देतात, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे, आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असे त्यांनी लिहिले. तेव्हा पारा थर्मामीटरसाठी ठेवावा.)

आता पेट्रोलकडे येऊ.

टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल जायचे म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. एक नळी लावली की झाले. पण आमचे स्नेही म्हणाले, हौशी माणसाने बनवलेले विमान पडते ते बहुधा इंजिन वाईट म्हणून नव्हे. इंजिन चांगले असते, त्याला पेट्रोल पोचत नाही.

पंख वर असले आणि टाकी पंखात असली, तर पेट्रोल आपोआप खाली उतरते. घराच्या छतावर पाण्याची टाकी असली म्हणजे नळाला पंप लागत नाही, तसे. पंख खाली असले तर टाकी इंजिनाच्या खालच्या अंगाला येते, मग पंप लागतो. एक इंजिनावर चालणारा आणि तो बंद पडला तर दुसरा विजेचा. पंपाने ओढायचे म्हटले की नवे दुखणे सुरू होते. पेट्रोल तापले आणि नळीत ओढ पडली, की त्याची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो, इंजिन उपाशी. मेकॅनिक लोक याला व्हेपर लॉक म्हणतात. आमच्या पिढीने हे पाहिले आहे. मे महिन्यात अँबॅसिडर नाही तर फियाट घाटात बंद पडायची आणि ड्रायव्हर बॉनेट उघडून आतल्या पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकायचा. आम्हाला लहानपणी वाटे, गाडीला ताप आला! आकाशात फडके कोण टाकणार? म्हणून विजेचा पंप टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवतात. म्हणजे तो पेट्रोल ओढत नाही, पुढे ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलची वाफ सहसा होत नाही.

टाकीला हवेचे भोक लागते. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडले तर रॉकेल गचके खात येते, दुसरे पाडले की धार लागते, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको. विमानाच्या टाकीचेही तसेच. त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केले, तर पेट्रोल असूनही इंजिन बंद पडू शकते. केवढे मोठे यंत्र आणि केवढीशी माशी!

पाण्याचेही तेच. पेट्रोलपेक्षा पाणी जड, ते टाकीच्या तळाशी बसते. म्हणून टाकीच्या सर्वांत खोल जागी निचऱ्याची छोटी तोटी ठेवतात आणि प्रत्येक उड्डाणाआधी काचेच्या भांड्यात थोडे काढून उजेडात पाहतात. आमच्या डहाणूच्या खाडीवरचे नाखवे डिझेलच्या फिल्टरमधले पाणी आधी काढून मग होडी समुद्रात घालतात. तीच रीत.

पेट्रोल कोणते, हाही प्रश्न आहे. आज आपल्या पंपावर जे मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तलासरीकडची मंडळी स्वस्त पडते म्हणून सीमेपलीकडे भिलाडला टाकी भरतात, तेथेही तेच. इथेनॉल हवेतली ओल शोषते. पाणी फार झाले की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी जाते. शिवाय जुन्या जातीचे रबर, काही वायसर, काही प्रकारच्या फायबरच्या टाक्या यांना ते मऊ करते, फुगवते. मोटारसायकलची नळी गळली तर रस्त्यावर वास येतो. विमानात गळली तर वास यायच्या आत पुष्कळ काही होऊन जाते. म्हणून विमानाचे पेट्रोल वेगळे येते, निळसर रंगाचे, आणि त्यात इथेनॉल नसते. गाडीचे वापरायचेच तर नळ्या, वायसर, टाकी सगळे त्याला टिकणारे आधी निवडावे लागते. मुलाच्या वहीत नळीच्या जागी 'मोटारसायकलची जुनी नळी चालेल' असे लिहिले होते. आमच्या स्नेह्यांनी त्यावर लाल पेनाने रेघ मारली.

आता कॉक. खरे बोलायचे आहे ते येथेच.

खाली पंख असलेल्या विमानात उजवी टाकी आणि डावी टाकी अशा दोन असतात. मग दोन्ही टाक्यांतून एकदम पेट्रोल का घेत नाहीत? एक नळी शहाळ्यात घाला आणि दुसरी हवेत धरा, दोन्ही तोंडात धरून ओढा. पाणी येत नाही, हवा येते. एक टाकी संपली की पंपाचे तसेच होते. म्हणून एका वेळी एकच टाकी लावायची आणि वैमानिकाने घड्याळ पाहून कॉक फिरवायचा. किती वाजता कोणती टाकी लावली, किती गेले, किती उरले, हे कागदावर मांडतात. आवक-जावक वहीच म्हणा. ही गोष्ट ऐकून आम्हाला बरे वाटले, निदान एवढे तरी आम्हाला त्या धंद्यात येते. पण कॉक फिरवायचा म्हणजे हात कॉकपर्यंत पोचला पाहिजे.

आमचीच एक फजिती सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, जुन्या मोटारसायकलवर आम्ही आणि एक कार्यकर्ते चारोटीहून महामार्गाने तलासरीला चाललो होतो. सभेला उशीर झालेला. मागे ट्रक लागलेला. आंबोलीच्या अलीकडे गाडी गचके देऊ लागली. पेट्रोल खाली गेले, रिझर्व्हला लावायचे. त्या गाड्यांना टाकीखाली डाव्या बाजूला कॉक असे, नव्या गाड्यांत तो बहुधा दिसत नाही. आम्ही डावा हात खाली घातला, कॉक सापडेना, म्हणून मान वाकवून पाहिले. एवढ्यात मागचे बंधू ओरडले, "अहो, कुठं चाललात!" आमचा डावा खांदा खाली गेला, तसा उजव्या हाताने हँडल कधी ओढले गेले आणि गाडी रस्त्याच्या मध्ये कधी आली, ते आम्हाला कळलेच नाही. ट्रकवाला भला माणूस, त्याने ब्रेक मारला. बाजूला घेऊन पाहतो तर कॉक आधीपासूनच रिझर्व्हवर. मागच्या आठवड्यात लावलेला, परत फिरवायचा राहिला. हिशोबनीस म्हणवणाऱ्या माणसाची ही शिल्लक! सभेत त्या दिवशी आम्ही फार बोललो नाही.

ही फजिती आम्ही विसरलो होतो. आमच्या स्नेह्यांनी जॉन डेन्व्हरची हकीकत सांगितली, तेव्हा अंगावर काटा आला आणि ती आठवली.

जॉन डेन्व्हर हा अमेरिकेतला फार मोठा गायक. वडील विमानदलात, स्वतःला विमानाची हौस, २,७०० तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव. त्याने लाँग-ईझी जातीचे एक विमान विकत घेतले. हे विमान कारखान्यात होत नाही. बर्ट रुटान या विमानरचनाकाराने नकाशे काढले आणि लोक ते नकाशे आणून घरी फोम आणि फायबरमध्ये विमान बनवतात. इंजिन मागे, पुढे एक छोटा पंख, माणसे एकामागे एक. नकाशात टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर दाखवला होता. पण डेन्व्हरकडे आलेले विमान ज्याने बनवले, त्याला पेट्रोलची नळी माणसाच्या पुढे आणायची नव्हती. आपटले तर पेट्रोल अंगावर येईल, हीच भीती. म्हणून त्याने कॉक मागे इंजिनाच्या भिंतीपाशी ठेवला आणि त्याची मूठ लांब दांडीने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे आणली.

वाचकहो, आमच्या तलासरीच्या मुलाने जे म्हटले, अक्षरशः तेच.

मुठीवर कोणती बाजू कोणत्या टाकीची, याची खूण नव्हती. टाकीत किती पेट्रोल आहे ते दाखवणाऱ्या नळ्या मागच्या आसनापाशी, त्यांवरही आकडे नव्हते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरीच्या विमानतळावर डेन्व्हर आणि तेथला एक तंत्रज्ञ यांनी ती मूठ पकड लावून लांब करता येते का, तेही पाहिले. जमले नाही. तेव्हा डेन्व्हर म्हणाला, आकाशात गरज पडली तर विमान आपोआप सरळ चालवणारे यंत्र लावीन आणि मग मूठ फिरवीन. मागच्या नळ्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला. टाक्यांत पेट्रोल थोडे होते, पण तासाभराचेच काम आहे म्हणून त्याने भरून घेतले नाही.

विमान उडाले. काही वेळाने समुद्रकिनाऱ्यापाशी, जेमतेम ५०० फुटांवर असताना, पाहणाऱ्यांना इंजिनाचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला आणि विमान डोके खाली करून समुद्रात गेले. डेन्व्हर ५३ वर्षांचा होता. त्याच्या शरीरात दारूचा अंश सापडला नाही. हे मुद्दाम लिहिले, कारण अशा वेळी लोक आधी तेच बोलतात.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. चौकशी करणारा माणूस तसल्याच दुसऱ्या विमानात बसून पाहत होता. मूठ धरायची तर खांद्याचा पट्टा सैल करावा लागे, दांड्यावरचा हात काढून मागे न्यावा लागे, सारे अंग वळवावे लागे. आणि प्रत्येक वेळी, अंग वळवले की तोल सावरायला उजवा पाय आपोआप पुढे रेटला जाई. तेथे सुकाणूचे उजवे पॅडल होते. म्हणजे पेट्रोल लावायला गेलेला माणूस नकळत विमान वळवत होता. आमचा खांदा वाकला आणि हँडल ओढले गेले, तसेच. फरक एवढाच, की आमच्यामागे ब्रेक मारणारा ट्रकवाला होता.

मंडळाने १९९९ मध्ये कारण नोंदवले. त्यात डेन्व्हरच्या चुका आहेत. पेट्रोल भरले नाही, नव्या विमानाचा सराव पुरेसा केला नाही. आणि त्यासोबत बनवणाऱ्याचा निर्णयही लिहिला आहे, की खूण नसलेली मूठ त्याने हात न पोचणाऱ्या जागी बसवली. आम्ही त्या बनवणाऱ्याचा फार विचार केला. तो बेफिकीर नव्हता. उलट काळजीवाहू होता. आगीच्या एका धोक्याकडे टक लावून पाहता पाहता दुसरा धोका त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. त्याने स्वतः ते विमान चालवलेही असेल. त्याचा हात सवयीने बरोबर जात असेल. पण ज्याच्या हातात विमान पुढे गेले, त्याचा हात त्या जागेला नवा होता.

मग कॉक अगदी हाताखाली, सहज फिरेल असा ठेवावा काय? तेही नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान पडले, २६० माणसे गेली. जुलै २०२५ च्या प्राथमिक चौकशी अहवालात नोंद आहे, की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांची इंधनाची बटणे, एकामागोमाग सेकंदाच्या अंतराने, 'चालू'वरून 'बंद'वर गेली. ते का आणि कसे, यावर बातम्यांत तर्कांचा पाऊस पडला. आम्ही त्यात पाणी ओतणार नाही. तसल्या बटणांना खटका असतो, आधी वर उचलायचे आणि मग सरकवायचे, म्हणजे बाहीने नाही तर कोपराने ती पडू नयेत. घरी बनवलेल्या विमानातही जाणते लोक असेच करतात. उजवी-डावी टाकी बदलायला मूठ सरळ फिरते, पण 'बंद'वर न्यायची तर एक खटका दाबावा लागतो. डोळे मिटून हात लावला तरी मुठीच्या टोकावरून कळते ती कोणत्या टाकीकडे आहे. हात पोचावा पण धक्क्याने फिरू नये, या दोन्हींच्या मधली जागा सापडली पाहिजे.

हे सगळे डोक्यात घेऊन आम्ही बोईसरहून रात्री घरी आलो. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि सिलिंडर दिसले. ओट्याखाली, अगदी कोपऱ्यात. पुढे कांद्या-बटाट्याची टोपली, तिच्यापुढे पिठाचा डबा. लहान मुलांचा हात लागू नये म्हणून आम्हीच, काळजीने, तसे लावून घेतले होते. सौ.ना म्हटले, डोळे मिटा आणि रेग्युलेटर बंद करा पाहू. त्यांनी आमच्याकडे पाहिले ते लिहिण्यासारखे नाही, पण केले. टोपली कलंडली, कांदे घरभर झाले आणि हात रेग्युलेटरला लागेपर्यंत आम्ही वीस आकडे मोजले. शेगडीवर तेल पेटले असते तर? टोपली त्याच रात्री हलवली. नळी वाकवून पाहिली तर वरचे साल तडकलेले. नळीवर छापलेली तारीख वाचली, पाच वर्षे केव्हाच उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी एजन्सीतून नवी, आय.एस.आय. शिक्क्याची, आणली.

पुढल्या रविवारी तलासरीला गेलो. मुलाने भंगारवाल्याकडून जुन्या मोटारसायकलचा एक कॉक तीस रुपयांना आणून ठेवला होता. विहाराच्या ओसरीत प्लास्टिकची खुर्ची मांडली. तिच्या पाठीला, डाव्या खांद्यामागे, कॉक तारेने बांधला. केरसुणीचा दांडा दोन गुडघ्यांत उभा दिला आणि पायांखाली दोन फळ्या, त्यांच्याखाली विटांचे तुकडे, म्हणजे दाबल्या की 'टक्' वाजतील. आधी मुलगा बसला. त्याचा हात बरोबर गेला, फळी वाजली नाही. त्याने आमच्याकडे विजयाने पाहिले. आम्ही म्हटले, तू बांधलास म्हणून तुझा गेला. दुसऱ्याला बसव.

त्याची मावशी मुलाला डबा द्यायला आली होती. तिला बसवले. पदर खोचून बसली, दांडा धरला. आम्ही म्हणालो, इंजिन बंद पडले, मागचा कॉक फिरव. ती वळली. दांडा गुडघ्यावर आडवा झाला आणि उजवी फळी टक्कन वाजली. पोरे ओरडली, "मावशी पडली, समुद्रात पडली!" तिने तीन वेळा केले, तिन्ही वेळा फळी वाजली.

"अरे, मान वळली की सगळं अंगच वळतंय," ती म्हणाली. "हे पुढं लाव की, शेगडीच्या बटणासारखं. मागं कशाला?"

"मग पेट्रोल अंगाजवळ येतं ना, मावशी."

"मग पेट्रोल राहू दे मागं. बटण पुढं आण."

बोईसरच्या स्नेह्यांनी आम्हाला तासभर समजावून सांगितले होते, ते तिने दोन वाक्यांत सांगितले. कॉक मागे, आगीच्या भिंतीच्या जवळ. मूठ पुढे, डोळ्यांसमोर, दोन्हींना जोडणारी दांडी. आणि नळी पुढे आणावीच लागली तर रबराची नव्हे, धातूची, वरून आगीला टिकणारे वेष्टण घातलेली. मुलाने वही उघडली आणि खोडरबर मागितले. कोणाकडे नव्हते. त्याने जुन्या चित्रावर फुली मारून पुढच्या पानावर पुन्हा सुरुवात केली.

उडायच्या गोष्टी अजून फार लांब आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी नसताना जमिनीवरून चाक उचलायचे नाही, आणि इंजिन चालू करायचे ते जाणता माणूस शेजारी असल्याशिवाय नाही, अशा दोन अटी आम्ही त्याच्याकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्या आहेत. खाली त्याची सही आहे. मावशीने साक्षीदार म्हणून अंगठ्याजवळ नाव लिहिले, प्रौढ वर्गात शिकलेले, सावकाश, एकेक अक्षर. स्नेह्यांनी पुढच्या महिन्यात तलासरीला यायचे कबूल केले आहे. कॉक सध्या विहाराच्या कपाटात आहे.